उसवण

मंगळवारी सव्वानऊला
मिस्टर हॅलमच्या पँटची उंची मोजत होते,
तोंडात चार टाचण्या,
आणि खिशातला फोन थरथरला:
एकशे एकोणनव्वद पौंड, नव्व्याण्णव पेन्स.
धन्यवाद. आपलं सदस्यत्व आणखी एक वर्ष चालू राहील.

टाचण्या तोंडात होत्या म्हणून बरं.

चौदा दिवस फुकट, असं म्हणाले होते तीन वर्षांपूर्वी.
भरतकामाचं सॉफ्टवेअर, फूल काढा, पक्षी काढा,
कार्ड आपलं ओळखीपुरतं.
आता ओळख एवढी वाढलीय
की न विचारता घरात येतात
आणि डबे उघडून बघतात.

हॅलम गेल्यावर दारावरची पाटी उलटी केली,
'पाच मिनिटांत येते'.
स्टॉकपोर्टच्या ह्या पुलाखाली
वरून मँचेस्टरची गाडी गेली की माझा आरसा हलतो.
तो सात वेळा हलला तोवर मी शोधत होते
'रद्द करा' हे बटण.
जन्मभर बटणंच लावत आलेय,
काळ्या कोटावरचं काळं बटण अंधारात सापडतं मला.
हे नाही सापडलं.
'खात्या'त 'योजना', 'योजने'त 'पसंती',
पसंतीच्या तळाशी फिकट राखाडी अक्षरांत
मदत हवी आहे का?

हॅना भेटली. हॅना माणूस नव्हती,
पण हसरी होती.
मी लिहिलं, थांबवा.
ती म्हणाली, तीन महिने विश्रांती घेता का?
मी लिहिलं, बंद करा.
ती म्हणाली, वीस टक्के सूट देते.
मी लिहिलं, भीक नको, पण
आणि कुत्र्याचं इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना,
तेवढ्यात तिने विचारलं,
समाधान झालं का? एक ते पाच तारे.

शेवटी बेथनी. खरी. घसा बसलेला,
मागे कुणीतरी शिंकत होतं.
सूचना पाठवली होती, म्हणाली, तीस दिवस आधी.
कुठे?
तिने पत्ता वाचून दाखवला, एकेक अक्षर.
निषादचा होता, कॉलेजातला.
निषाद आता ॲबर्डीनला असतो, दाढी ठेवतो.
त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही.

पैसे परत मिळायचे नाहीत. मी चौकोनात खूण केली होती म्हणे.
मग आवाज खाली आणून:
माझ्या आईचंही असंच झालं.
पुढच्या वर्षीचं मात्र मी आत्ताच बंद करते, तुम्ही ऐका.
तिच्या बोटांची टकटक ऐकू आली.
मी काही बोलले नाही तिला.
तीही मजुरीवर शिवते, कापड तिचं नाही.

बारीक अक्षरं माझ्याही भिंतीवर आहेत:
तीस दिवसांत न नेलेल्या कपड्यांची जबाबदारी आमची नाही.
आणि मागच्या दांडीवर
एक तपकिरी ओव्हरकोट, दोन हजार एकोणीसपासून.
अस्तर बदललंय, पैसे यायचेत.
दर ऑक्टोबरला ब्रश फिरवते त्यावर.
कुणाचा ते आता आठवतही नाही नीट,
उंच होता माणूस, डावा खांदा जरा पडका.

पैसे गेलेच आहेत, तर वापरून घ्यावं.
चेडलच्या जोडप्याला बाळाच्या दुपट्यावर नाव हवंय, मैथिली.
मशीनने म काढला, थ काढला, ल काढला,
मात्रा हवेत सोडून दिल्या,
आणि ह्रस्व वेलांटी थ ओलांडून ल-च्या डोक्यावर.
हे पहिल्याच वर्षी कळवलं होतं त्यांना.
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

माझ्या धंद्यात शिवलेलं उसवता येतं,
एवढं एक बरं.
वेलांटी उसवली, हळूच,
कापडाला भोक पडू न देता.
सुईत गुलाबी दोरा ओवला, दिवा जवळ ओढला.
दुसऱ्या मात्रेशी होते
तेव्हा काचेवर कुणीतरी टिचकी मारली.

पाटी अजून तशीच होती.
पाच मिनिटांत येते.